चौदा ओळींचा कागद: योग, ख्रिस्ती विश्वास आणि एका ताईंचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला ताईंनी स्वतः हो म्हटलंय, ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय किंवा बदललंय. मी पण ख्रिस्ती आहे, मंडळीतच, म्हणजे चर्चच्या लोकांतच, लहानाची मोठी झाले आणि गेली सोळा वर्षं योग करते, त्यातली बरीच वर्षं शिकवते पण, त्यामुळे "ख्रिस्ती माणसाने योग केला तर चालतो का" हे विचारायला लोक माझ्याकडे येतात आणि बहुतेकांना हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. ताईंना मी ते एका शब्दात सांगितलं नाही, आणि बरं झालं नाही सांगितलं, कारण त्यांचं दुखणं नेमकं कुठे आहे हे चौथ्या भेटीपर्यंत ना त्यांना कळलं होतं ना मला.

ताई ५८ वर्षांच्या, बावीस वर्षं संडे स्कूल घेतात. नवरा अचानक गेला, हार्ट अटॅकने, घरातच, रात्री. त्यानंतर सात महिने झोप अशी नाहीच, अडीचच्या सुमाराला जाग यायची, छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी अँग्झायटीची गोळी दिली, कमी डोसची, आणि म्हणाले की सोबत योगाचा क्लास लावा, निदान प्राणायाम तरी करा. ताईंनी लावला. क्लासचे सर हिंदू, मितभाषी, कोणाला घाई न करणारे, मी त्यांना आधीपासून ओळखत होते.

तिसऱ्या आठवड्यात ताईंना सलग चार तास झोप लागली. सात महिन्यांनी! साहजिकच आनंदाच्या भरात त्यांनी प्रार्थनासभेत साक्ष दिली की प्रभूने मला झोप दिली. सगळे "आमेन" म्हणाले. मग एका बाईंनी सहज विचारलं की काय केलंत ताई, मला पण झोप येत नाही, आणि ताई म्हणाल्या योगाला जातेय. त्यावर कोणी काहीच बोललं नाही, त्या गप्प बसण्याबद्दल ताई मला दोनदा बोलल्या, म्हणजे नंतर जे काही ऐकावं लागलं त्यापेक्षा ते जास्त लागलं होतं.

चार दिवसांनी धाकटे दीर घरी आले, ते मंडळीच्या कमिटीवर आहेत. "वहिनी, तुमच्याबद्दल कोणी बोललं तर मला सहन होत नाही, पण तुम्ही लेकरांना शिकवता. ॐ म्हणून येता आणि रविवारी पहिली आज्ञा पाठ करून घेता, हे कसं जमतं?" पहिली आज्ञा म्हणजे माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत ही. ताईंकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात एका ओळखीच्या प्रार्थनागटात त्यांनी सांगितलं की क्लासमधे शेवटी झोपून राहतात ना तेव्हा कधीकधी छातीवर काहीतरी येऊन बसल्यासारखं होतं, श्वास अडकतो, आणि तिथल्या लोकांनी सांगितलं की हा दुष्ट आत्मा आहे, योगातून दार उघडलं गेलंय. ताईंनी क्लास सोडला. झोप परत गेली. आणि आता नुसती झोप गेली नव्हती, आपण कोणाला तरी आत घेतलंय ही भीतीपण होती.

या अवस्थेत त्या माझ्याकडे आल्या.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली ती आधी सांगते. मी लगेच बाजू मांडायला लागले. सूर्यनमस्काराचा विषय निघाला तर मी सांगितलं की आज क्लासमधे जो सूर्यनमस्कार करतात त्याचा प्रसार विसाव्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केला, व्यायाम म्हणून, शाळांमधे नेला, आणि हठप्रदीपिका या पंधराव्या शतकातल्या योगाच्या ग्रंथात तर जेमतेम १५ आसनांचं वर्णन आहे, योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनावर तीनच सूत्रं लिहिलीत आणि त्यातलं महत्त्वाचं एवढंच की 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाने बसता यावं. कुवलयानंदांनी १९२४ ला लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योग प्रयोगशाळेत तपासायला. वगैरे वगैरे. माहिती सगळी बरोबर होती. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू सांगतेस ते खरं असेल गं. पण माझ्या तोंडून 'ॐ रवये नमः' निघतं त्याचं काय? ते राजाने सांगितलं की ऋषीने, मला काय फरक पडतो."

बरोबर होतं त्यांचं. त्यांना इतिहास नको होता. आपण नक्की काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं, आणि मी त्यांना ते बघायला न लावता सुटका करून द्यायला निघाले होते.

म्हणून दुसऱ्या भेटीला मी एकच काम दिलं. क्लासच्या एका तासात दारातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय काय होतं ते ओळीने लिहा, काही गाळू नका. संडे स्कूलच्या हजेरीचा जुना कागद होता त्यांच्या पिशवीत, त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं. चौदा ओळी झाल्या. चप्पल काढणं, चटई, मांडी घालून बसणं, तीनदा ॐ, मानेच्या हालचाली, सूर्यनमस्कार मंत्रासहित, उभ्याने करायची आसनं, बसून, पोटावर, अनुलोम-विलोम, भ्रामरी, शवासन, पाच मिनिटं ध्यान, शेवटी शांतिमंत्र आणि हात जोडून नमस्कार. मग मी म्हटलं की प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: इथे मी तोंडाने किंवा मनाने कोणाशी बोलते का, आणि बोलत असेन तर कोणाशी.

त्यांना अर्धा तास लागला. मधेमधे पेन थांबायचं. शेवटी नऊ ओळींपुढे "कोणाशी नाही" असं आलं. तीन ओळींपुढे, म्हणजे ॐ, सूर्यनमस्काराचे मंत्र आणि शांतिमंत्र, त्यांनी फुली मारली. ध्यानापुढे प्रश्नचिन्ह. शवासनापुढे काहीच लिहिलं नव्हतं, ती जागा कोरीच ठेवली होती. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही, वाटलं राहून गेलं असेल.

माझं म्हणणं असं की योगाबद्दलचे बहुतेक वाद इथेच फसतात. एक बाजू म्हणते सगळा योग म्हणजे पूजा, दुसरी म्हणते सगळा योग म्हणजे व्यायाम, आणि दोघं एकाच शब्दाखाली चौदा वेगळ्या गोष्टी कोंबतात. मान फिरवणं ही पूजा नाही, कोणी कितीही ओढून ताणून म्हटलं तरी. आणि 'ॐ मित्राय नमः' हा व्यायाम नाही. 'नमः' म्हणजे नमस्कार, आणि तो सूर्याला त्याच्या नावाने केलाय, यात काही लपवलेलं नाही. कॅलिफोर्नियात एन्सिनिटास नावाच्या गावी शाळेतल्या योगावरून पालक कोर्टात गेले होते, २०१३ ला निकाल शाळेच्या बाजूने लागला आणि २०१५ ला अपिलातही तो टिकला, पण त्या शाळांनी आधीच संस्कृत नावं काढून टाकली होती, पद्मासनाला मुलांच्या गाण्यातलं काहीतरी नाव दिलं होतं. कायद्यापुरतं ठीक असेल. मला मात्र ते पटत नाही, ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव पुसून घ्यायचं हा काही प्रामाणिकपणा नाही. नावाने विश्वास बाटत नाही, आपण सगळे रविवारी उपासनेला जातो आणि रवि म्हणजे सूर्यच की.

तिसऱ्या भेटीत मी ताईंना घेऊन सरांकडे गेले. मनात होतं की सर म्हणतील, अहो ॐ म्हणजे नुसतं व्हायब्रेशन आहे, त्याचा धर्माशी संबंध नाही, बरेच शिक्षक असंच सांगतात, क्लासमधली माणसं टिकावीत म्हणून. सर तसं म्हणाले नाहीत. ताईंचं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ताई, तुम्ही ॐ च्या वेळी शांत बसलात तर मला काडीचंही वाईट वाटणार नाही. सूर्यनमस्कारही नका करू, मी तुम्हाला वेगळं देतो. पण ॐ हा नुसता आवाज आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण माझ्यासाठी तो तसा नाही. पतंजलींनी ईश्वराबद्दल सांगताना म्हटलंय, तस्य वाचकः प्रणवः. प्रणव म्हणजे ॐ, ते त्याचं नाव आहे. मी ते नाव घेतो."

ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण तिथे पहिल्यांदा सुटलेला मी पाहिला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हा माणूस खोटं बोलला असता तर मी परत गेले नसते." मला पण त्या दिवशी जे कळलं ते सोळा वर्षांत कळलं नव्हतं. मी इतकी वर्षं माझ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना धीर द्यायला ॐ चं महत्त्व कमी करून सांगत आले होते, त्यात मी सरांच्या देवाचाही अपमान करत होते आणि माझ्या लोकांच्या विवेकाचाही. आता नाही करत.

श्वासाची गोष्ट वेगळी आहे आणि इथे मी ताईंना ठामपणे सांगितलं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, हे प्रत्येक माणसात होतं, व्हेगस नावाचा मज्जातंतू ते काम करतो, त्यामुळे श्वास सोडायला जास्त वेळ घेतला आणि एकूण वेग मिनिटाला सहाच्या आसपास आणला की धडधड कमी होते. यात कोणाचा मंत्र लागत नाही. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधे रोझरीची, म्हणजे कॅथलिकांची जपमाळेवरची, प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हूं' हा बौद्ध मंत्र, तर दोन्ही वेळेला श्वास साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा सुधारली. म्हणजे शरीराला लय कळते. अर्थ माणसाला कळतो, आणि म्हणूनच शरीराला चालतं ते माणसाला चालेलच असं नाही, या अभ्यासावरून "मग काहीही म्हणा, सगळं सारखंच" असं जे लोक काढतात ते मला मान्य नाही. (जाता जाता एक, ताईंना मी कपालभाती आणि भस्त्रिका करू दिलं नाही, त्यांचा बीपी वरच्या बाजूला होता आणि ज्याचा जीव आधीच घाबरा आहे त्याला जोरजोरात श्वास करायला लावू नये. कुंभकही नाही, म्हणजे श्वास रोखून धरणं. चार अंक श्वास आत, सहा अंक बाहेर, बस.)

चौथी भेट पाळकांसोबत, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांसोबत झाली आणि दीर पण आले होते. मला वाटलं होतं वादावादी होईल. झाली थोडी, पण चांगली झाली.

भाऊजी तयारीने आले होते. मोबाइलवर काढून दाखवलं की २०२० च्या जून महिन्यात ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या सिनॉडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, योग ख्रिस्ती विश्वासाशी अजिबात जुळत नाही असं जाहीर केलंय. शिवाय बायबलमधलं मत्तय १२ काढलं, तो अशुद्ध आत्मा निघून गेलेल्या घराचा भाग, घर रिकामं, झाडलेलं आणि सजवलेलं सापडतं आणि तो आणखी सात आत्मे घेऊन येतो. "मन रिकामं करा असं तुमच्या क्लासमधे सांगतात ना? रिकाम्या घरात कोण येतं ते प्रभूनेच सांगितलंय." हा मुद्दा हलका नाही. मी मान्य केलं की "विचार काढून टाका, काहीच ठेवू नका" असं सांगणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्या तशा ध्यानाला मी स्वतः बसत नाही. पण पतंजलींची धारणा म्हणजे रिकामं करणं नाही, चित्त एका ठिकाणी बांधणं आहे, आणि मग प्रश्न उरतो तो हा की कुठे बांधायचं. ख्रिस्ती परंपरेत हे नवीन नाही. पूर्वेकडच्या मठांमधे संन्यासी शेकडो वर्षं श्वासाच्या लयीवर येशूचं नाव घेत आलेत, चौदाव्या शतकात त्यावरून मोठा वाद झाला तेव्हा ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि चर्चने त्याचं म्हणणं उचलून धरलं. म्हणजे ज्या ऑर्थोडॉक्स परंपरेने योगाला नाही म्हटलं तिच्यातच श्वासासोबत प्रार्थना आहे. विसाव्या शतकात जॉन मेन नावाचे बेनेडिक्टाइन संन्यासी होऊन गेले, ध्यान ते एका हिंदू स्वामींकडून मलायात शिकले आणि पुढे लोकांना शिकवताना शब्द दिला 'मारानाथा', पौलाच्या पत्रातला अरामी शब्द, हे प्रभू ये.

मी व्हॅटिकनच्या १५ ऑक्टोबर १९८९ च्या पत्राचाही उल्लेख केला. आमची मंडळी प्रोटेस्टंट, आमच्यावर ते बंधनकारक नाही, पण विचार नेमका आहे. त्यात योग आणि झेनसारख्या पद्धतींबद्दल सावध केलंय पण सरसकट बंदी नाही, उपयोगी ते घ्यावं, ख्रिस्ती प्रार्थनेचं स्वरूप झाकोळू नये असं आहे. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे त्यात, की काही शारीरिक व्यायामांनी आपोआप शांत वाटतं, कधी उजेड, ऊब जाणवते, ते म्हणजे पवित्र आत्म्याचं सांत्वन असं समजणं साफ चुकीचं. हे वाचून ताई म्हणाल्या, "म्हणजे मी साक्ष दिली ती चुकली का?" पाळक म्हणाले, "झोप देवाने दिली असं तुम्ही म्हणालात, ते कसं चुकेल. आसनात झोपल्यावर बरं वाटलं म्हणजे आत्मिक वाढ झाली असं म्हणाला असतात तर मी थांबवलं असतं."

मग पाळकांनी पहिलं करिंथ १० उघडलं, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय. पौलाच्या वेळी बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं असायचं. पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते विवेकासाठी चौकशी न करता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका, त्या सांगणाऱ्यासाठी आणि विवेकासाठी. पाळक म्हणाले, मांस दोन्ही वेळेला तेच आहे, बदललं काय तर सांगणं. सरांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं की ॐ हे त्यांच्या देवाचं नाव आहे आणि सूर्यनमस्कार हा नमस्कार आहे, म्हणजे तिथे थांबा. भुजंगासन कोणी कोणाला अर्पण केलेलं नाही, ते करा. भाऊजी लगेच म्हणाले की त्याच अध्यायात वर असंही लिहिलंय की प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. पाळक म्हणाले, "हो, लिहिलंय. दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय, दोन्ही धरायचं." आणि आठव्या अध्यायातलं दुर्बळ विवेकाच्या भावाचंही बोलणं झालं, म्हणजे माझ्या मोकळीकीमुळे दुसरा अडखळणार असेल तर मी जपायला हवं. ताईंनी तिथेच सांगितलं की मी मंडळीतल्या कोणालाही क्लासला चला म्हणणार नाही. कोणी सांगायच्या आधीच म्हणाल्या.

एक गोष्ट मी त्या बैठकीत मुद्दाम बोलले, कारण ती लपवून समेट करणं मला मंजूर नाही. योगदर्शनाचं शेवटचं ठिकाण आणि आपलं शेवटचं ठिकाण एक नाही. तिथे कैवल्य आहे, पुरुष, म्हणजे आत्मा, प्रकृतीपासून वेगळा होतो, शरीर मागे सुटतं. आपली आशा शरीराच्या पुनरुत्थानाची आहे, शरीर टाकून द्यायचं नाही तर नवं होऊन मिळायचं. पतंजलींचा ईश्वर हा क्लेश आणि कर्म न शिवलेला विशेष पुरुष आहे, त्याने जग निर्माण केलं असं ती सूत्रं म्हणत नाहीत, आणि तो माणसांसाठी वधस्तंभावर जात नाही. म्हणून मी माझ्या सरावाला 'ख्रिस्ती योग' असं नाव देत नाही. मी ख्रिस्ती आहे आणि मी आसनं आणि श्वासाचे अभ्यास करते, ते हिंदू परंपरेतून आलेत आणि मी त्यांची ऋणी आहे. एवढंच म्हणते. भाऊजींनी यावर मान हलवली, होकाराची नव्हती ती, पण ऐकल्याची होती.

आता ती कोरी ओळ.

चौथ्या भेटीनंतर निघताना ताई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, सगळं पटलं गं, पण ते छातीवर बसतं त्याचं काय, ते तर कुठल्या मंत्रात नव्हतं. मी कागद परत काढला आणि शवासनाची कोरी जागा दिसली. विचारलं की पहिल्यांदा कधी झालं. म्हणाल्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा काय चालू होतं? सर सांगत होते पाय सैल सोडा, हात अंगापासून लांब, तळवे वर, तोंड किंचित उघडं राहिलं तरी चालेल, शरीर जड होऊ द्या.

एवढं बोलून त्या थांबल्या. आणि मग एकदम, "ते असेच पडले होते."

त्या रात्री त्यांना जाग आली तेव्हा नवरा शेजारी उताणा पडला होता, एक हात लांब, तळवा वर, तोंड किंचित उघडं. किती वेळ झाला होता ते त्यांना आजही माहीत नाही. घड्याळ बघितलं तेव्हा अडीच वाजले होते. आणि क्लासमधे त्यांना रोज दहा मिनिटं नेमकं तसंच झोपवलं जात होतं, आणि त्या आसनाचं नावच शव. त्यांनी सात महिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, अंत्यविधी, शोकसभा, भेटायला येणारे, सगळ्यांना "प्रभूची इच्छा" म्हणत राहिल्या होत्या. छातीवर येऊन बसत होतं ते हे होतं. प्रार्थनागटाने त्याला भूत म्हटलं.

मी इथे जपून लिहिते. दुष्ट आत्मे नसतातच असं मी म्हणत नाही, माझा पवित्र शास्त्रावर विश्वास आहे. पण शोक करणाऱ्या बाईला काहीही न विचारता, हे केव्हा सुरू झालं, कोणत्या क्षणी होतं, एवढंही न विचारता थेट भुताचं नाव घ्यायचं, याचा मला राग येतो, अजूनही येतो. तितकाच राग मला या गोष्टीचा आहे की मी, शिकवणारी बाई, दोन भेटी ॐ आणि सूर्यनमस्कारावर घालवल्या आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं नाही.

सरांना मी ताईंच्या परवानगीने सांगितलं. त्यांनी शवासन लगेच बंद केलं, कुशीवर झोपायला सांगितलं, गुडघ्यांमधे उशी, डोळे उघडे, भिंतीकडे तोंड नाही तर दाराकडे, म्हणजे खोली दिसत राहते. डॉक्टरांना पण कळवलं, त्यांनी शोकासाठी समुपदेशकाकडे पाठवलं, कारण हे माझ्या किंवा पाळकांच्या आवाक्यातलं नव्हतं. चार-पाच आठवडे ताई कुशीवर झोपून रडायच्या. क्लासमधे कोणी काही विचारलं नाही. मला सांगत होत्या की तिथे त्यांनी पहिल्यांदा देवाला विचारलं की मला का नाही उठवलंस वेळेत. सात महिन्यांत अशी प्रार्थना केली नव्हती, शिकवणाऱ्या बाईने असं विचारायचं नसतं म्हणून.

आज याला आठ महिने झाले. ताई आठवड्यातून तीनदा जातात. ॐ च्या वेळी हात मांडीवर ठेवून शांत बसतात, सुरुवातीला साडीची किनार चिमटीत धरून चोळत राहायच्या, आता नाही. मंत्राशिवाय सूर्यनमस्कार करून बघितला होता, पण बाकीचे म्हणत असताना मनात ते शब्द उमटतातच म्हणून सोडून दिला, त्याऐवजी मार्जारासन, भुजंगासन आणि पर्वतासन वेगवेगळं करतात. मी स्वतः मंत्राशिवायचा सूर्यनमस्कार करते, मला तो टोचत नाही. त्यांना टोचतो. यात कोणाचा विश्वास मोठा हा प्रश्न येत नाही. शेवटी हात जोडतात, कारण ते हात त्या सरांना जोडतात आणि त्यांना ते माहीत आहे. झोप साधारण पाच तास लागते, डॉक्टरांनी गोळी निम्मी केलीय. शवासन अजून करत नाहीत.

संडे स्कूलचं त्यांनी स्वतःहून कमिटीपुढे ठेवलं, काय करते आणि काय करत नाही तो चौदा ओळींचा कागदच नेला, आणि म्हणाल्या की तुम्ही थांबा म्हणालात तर थांबते. कमिटीने चालू ठेवायला सांगितलं. एका घरातल्या आईवडिलांनी आपल्या मुलीला संडे स्कूलमधून काढून घेतलं. ताईंना ते फार लागलं, त्या त्यांच्या घरी जाऊन आल्या, मन वळवायला नाही, नुसतं भेटायला. मुलगी अजून परत आलेली नाही. भाऊजींचं मत बदललेलं नाही, त्यांनी कमिटीत विरोधात मत दिलं आणि ते ताईंना आधी सांगून दिलं. रविवारी उपासनेनंतर वहिनींना घरी सोडायला मात्र तेच जातात.

मागच्या आठवड्यात ताईंनी मला एक विचारलं. अनुलोम-विलोमाला चार-सहा अंक मोजायच्या ऐवजी त्या स्तोत्र २३ घ्यायला लागल्यात, श्वास आत घेताना "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" आणि सोडताना "मला काही उणे पडणार नाही". पुढची ओळ लांब पडते, श्वास पुरत नाही, मग तोडू का असं विचारत होत्या. मी म्हटलं पहिलीच ओळ ठेवा, तेवढीच पुरते. त्या म्हणाल्या नाही, मृत्युछायेच्या दरीची ओळ मला घ्यायचीय, ती कशी बसवायची ते सांग. आम्ही दोघी बसून ती चार श्वासांत बसवली.